चष्म्याचा नंबर आणि ऑक्टोबरची वारी

“बाबा, मी परत बसतेय. ऑक्टोबरमध्ये.”

२०१८ च्या जुलैतल्या एका सकाळी, दुधात भिजलेले कॉर्नफ्लेक्स खाता खाता लेकीनं हे वाक्य टाकलं आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. माझा कप बशीच्या मधोमध टेकायचा तो कडेवर टेकला आणि सगळा चहा पँटवर आला. ‘ऑक्टोबर’ आणि ‘बसणे’ हे दोन शब्द माझ्या वयाच्या मराठी माणसासमोर एका वाक्यात आणू नयेत. इथं न्यू जर्सीत ऑक्टोबर म्हणजे मेपलची लाल पानं, दारोदारी भोपळे आणि भोपळ्याच्या चवीची कॉफी. पण ज्यानं १९८२ साली सांगलीत दहावी दिली, त्याच्या लेखी ऑक्टोबर हा महिना नाही, तो शेरा आहे. मार्चमध्ये ज्याची दांडी गुल झाली, तो ऑक्टोबरला बसायचा. याला ‘ऑक्टोबरची वारी’ म्हणत. पंढरीची वारी करून आलेल्याच्या लोक पाया पडायचे. ऑक्टोबरची वारी करणारा दिसला की आपापली पोरं घरात बोलावून घ्यायचे.

“म्हणजे... नापास?” मी आवाज खाली आणून विचारलं. शेजाऱ्यांना मराठी येत नाही, पण हा शब्द कुठल्याही भाषेतल्या माणसाला भिंतीपलीकडून कळतो.

“बाबा, त्यात पास-नापास नसतं.”

“पास-नापास नसतं, तर परीक्षा कशाला म्हणता? हळदीकुंकू म्हणा.”

“अहो, आधी तो चहा पुसा,” ही म्हणाली.

माझ्या घाबरण्याला कारण होतं. तीनच आठवड्यांपूर्वी मी पेढे वाटून मोकळा झालो होतो. लेकीला जायचं होतं ऑप्टोमेट्रीला. त्यासाठी अमेरिकेत ओएटी नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संगणकावरची परीक्षा, शेवटचं बटण दाबलं की गुण समोर. जूनच्या अखेरीस ती देऊन आली आणि गाडीत बसता बसता “२९०” एवढंच म्हणाली. कितीपैकी, विचारलं तर “४००”. पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत माझा भागाकार झाला होता. साडेबहात्तर टक्के! फर्स्ट क्लास, आणि विशेष प्रावीण्य अडीच टक्क्यांनी हुकलेलं. गाडी तशीच एडिसनच्या ओक ट्री रोडला वळवली आणि पेढे घेतले. पोरगी गप्प होती. मला वाटलं, दमली असेल.

आता कॉर्नफ्लेक्सच्या साक्षीनं उलगडा झाला. ही परीक्षा शून्यापासून सुरूच होत नाही. खाली २००, वर ४००, आणि मधे ३०० हा सरासरीचा खुंटा.

“म्हणजे नुसतं नाव लिहून परत आलं, तरी २००?”

“जवळजवळ.”

ही सोय आमच्या बोर्डानं केली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, असा एक विचार मनात येऊन गेला. तो मी तसाच गिळला. त्याचं कारण पुढे येईल. तूर्त एवढंच लक्षात आलं, की सरासरीच्या खाली राहिल्याबद्दल मी सहा कुटुंबांना पेढे वाटले होते आणि सहाही कुटुंबांनी ते खाल्ले होते. त्यांतल्या एका घरातला मुलगा ही परीक्षा देऊन गेलेला आहे. त्यानं दोन खाल्ले.

“मग पुढच्याच आठवड्यात दे की परत. अभ्यास ताजा आहे.”

“नव्वद दिवस थांबावं लागतं.”

आमच्याकडे सुतकसुद्धा दहा दिवसांत फिटतं. शिवाय फी पुन्हा सगळी भरायची, साडेचारशेच्या वर डॉलर. आणि तिकडे कॉलेजांचे अर्ज सुरू झालेले. या देशात तेव्हा ऑप्टोमेट्रीची कॉलेजं दोन डझनांच्या आत होती, न्यू जर्सीत तर एकही नव्हतं; आणि त्यांतल्या बहुतेकांची पद्धत अशी, की अर्ज येत जातात तशा मुलाखती होतात आणि जागा भरत जातात. लेकीनं मला हे दहा मिनिटं समजावलं. मला ते दुसऱ्याच मिनिटाला समजलं होतं. सांगली स्टँडवर फलाटाला न लागलेल्या एसटीच्या खिडकीतून ज्यानं रुमाल टाकून जागा धरली आहे, त्याला रोलिंग ॲडमिशन शिकवावी लागत नाही. आमची गाडी जुलैत फलाटाला लागली होती, लोक खिडकीतून पोरं आत सोडत होते आणि आमचा रुमाल नव्वद दिवस इस्त्रीला गेला होता.

घरात मग परीक्षेचं वातावरण सुरू झालं. हिनं बदाम भिजत घातले. टीव्ही मुका झाला. मी चपला हातात घेऊन जिना चढू लागलो. एकदा न राहवून विचारलं, “डोळ्यांचं कुठवर आलंय?”

“डोळ्यांचं काय?”

“अगं, परीक्षा डोळ्यांची ना?”

परीक्षेत डोळा जवळजवळ नव्हताच. जीवशास्त्र आणि दोन प्रकारचं रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न, नव्वद मिनिटांत. भौतिकशास्त्राचे चाळीस. गणिताचे चाळीस. शिवाय उतारे वाचून उत्तरं. भौतिकशास्त्रात भिंगं आणि आरसे थोडेफार यायचे, बाकी वेळ उतारावरून ठोकळे घसरत असायचे. सांगलीत माझ्या वेळीही ते ठोकळे घसरतच होते. चाळीस वर्षं होत आली, एकालाही कुणी अडवलेलं नाही.

अशातच रविवारी आईचा फोन आला. आई सांगलीत असते, ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलते, आणि आम्ही तिचा फोन स्पीकरवर ठेवतो. हे तीन मुद्दे एकत्र वाचावेत.

“काय रे, डोळ्यांची डॉक्टर होणार ना ती?”

“हो आई. पण ऑपरेशन करणारी नव्हे.”

“मग मोतीबिंदू?”

“मोतीबिंदू आहे, हे सांगेल. काढायला दुसऱ्याकडे पाठवेल.”

“म्हणजे चष्म्याचा नंबर काढणार! अरे, आपल्या पेठेतला चष्मेवाला कुठली परीक्षा देऊन आला होता? बापाच्या गल्ल्यावर बसला, झालं.”

मी तिला समजावलं, की इथं तीन वेगळ्या जाती आहेत: चष्मा बनवून देणारा, डोळे तपासून नंबर आणि काही औषधं देणारा, आणि शस्त्रक्रिया करणारा. मधला म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स प्रेंटिस नावाच्या चष्मेवाल्यानं डोळे तपासण्याची वेगळी फी घेतली. फी घ्यायला तू काय डॉक्टर आहेस का, असं म्हणत डॉक्टरमंडळी त्याच्यावर उखडली. त्या भांडणातून हा धंदा कायद्यानं वेगळा करण्याची चळवळ उभी राहिली, आणि १९०१ साली मिनेसोटा राज्यानं पहिला कायदा केला. आता पदवीनंतर आणखी चार वर्षं शिकायचं, मग तीन टप्प्यांची राष्ट्रीय परीक्षा. त्यातल्या तिसऱ्या टप्प्यासाठी देशभरातल्या पोरांना नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट गावी जावं लागतं.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “एवढ्या परीक्षा दिल्यावर आधी तिचेच डोळे जातील.”

“जाणार नाहीत आई. सध्या पहिलीच परीक्षा परत देतेय. ऑक्टोबरला.”

हे मी का बोललो, मला माहीत नाही. सहा हजार मैलांच्याही पलीकडून एक दीर्घ श्वास ऐकू आला.

“ऑक्टोबरला? गचकली होय! बापावर गेली.”

स्वयंपाकघरात फोडणी करपल्याचा वास आला. ही झारा हातात धरून बाहेर आली. जिन्यावर लेक उभी. छत्तीस वर्षं मी जे जपलं होतं, ते आईनं एका वाक्यात उघड्यावर टाकलं होतं. लग्न जमवताना हिच्या वडिलांना मी दहावीचे एकूण टक्के सांगितले होते आणि ते खरे होते. कुठल्या महिन्यातले, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

“कुठल्या विषयात?” ही म्हणाली.

“इंग्रजी,” मी म्हणालो. “एकोणतीस.”

पासिंग ३५ चं होतं. ज्या भाषेत मी एकोणतीस मिळवले, त्याच भाषेत गेली वीस वर्षं अमेरिकन लोकांना त्यांच्या चुका ईमेलवरून कळवून मी पोट भरतो आहे. लेक जिन्यावरच बसली आणि हसून हसून तिला उचकी लागली. नापास बापापुढे तिची छाती दोन इंच रुंद झालेली मला तिथून दिसली.

मी बचाव मांडला. तो खराही होता, निदान मला तसा वाटत आला आहे. “मला फळा दिसत नव्हता. शेवटचं बाक. नंबर असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चष्मा लागला तो अकरावीत.”

लेकीची उचकी थांबली. अर्जासोबत एक निबंध द्यावा लागतो, ‘मला ऑप्टोमेट्रिस्ट का व्हायचंय’. या निबंधावर ती महिनाभर अडली होती. तिच्या म्हणण्यानुसार निम्मी मुलं एकच गोष्ट लिहितात: तिसरीत पहिला चष्मा लागला आणि झाडाला सुटी सुटी पानं असतात हे पहिल्यांदा कळलं. तिच्या बाबतीतही नेमकं तसंच झालं होतं आणि त्यामुळे ते लिहायची चोरी होती. मी ‘मी मुख्यमंत्री झालो तर’वर दहापैकी आठ मिळवलेला माणूस. मी सुचवलं होतं, की डोळ्यांना पंचप्राण म्हण आणि शेवटी एक सुविचार टाक. ते तिनं नाकारलं होतं. आता तिच्यापुढे आयता विषय उभा होता: फळा न दिसल्यामुळे नापास झालेला गरीब बाप. ती वहीच घेऊन आली.

“थांब,” फोन ओरडला. आई अजून होती. “डोळ्याबिळ्यांचं काही नाही. परीक्षेच्या आदल्या महिन्यात हा रोज सिनेमाला जायचा. मी स्वतः टॉकीजमध्ये शिरून पहिल्या रांगेतून कान धरून बाहेर काढलाय. आणि ऑक्टोबरला पास झाला, तेव्हा तरी कुठे चष्मा होता?”

वही मिटली. निबंध शेवटी पानांवरच गेला.

ऑक्टोबर उजाडला. परीक्षेचं केंद्र एका ऑफिसांच्या आवारात, दंतवैद्य आणि विमा एजंट यांच्या मधोमध. मी तिला सोडायला गेलो. १९८२ मध्ये वडील मला सोडायला आले होते, तेव्हा ते पूल येईपर्यंत माझ्याबरोबर चालले आणि मग ओळख नसल्यासारखे दहा पावलं मागून आले. मी मात्र आतपर्यंत गेलो आणि काचेतून तपासणी पाहिली. खिसे उलटे करून दाखवायचे. बाह्या वर करायच्या. बोटाचा ठसा. अंगावरून धातू शोधणारी कांडी. घड्याळ, पाणी, रुमाल, सगळं कपाटात. आमच्या वेळी कॉपी करणारे इतके कष्ट घेत, त्यांना इथं नक्कीच उमेद आली नसती.

मग बाईंनी तिला चष्मा काढायला सांगितलं. त्यात कॅमेरा लपवलाय का, हे बघायचं होतं. त्यांनी काड्या उलगडल्या, मिटल्या, काचा उजेडात धरल्या, नाकावरची गादी दाबून पाहिली. चष्म्याची एवढी कसून तपासणी पुढे चार वर्षं शिकूनही कुणी करत असेल असं मला वाटत नाही. माझी लेक तोवर उणे पाचच्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहून हसत होती. तिला वाटलं होतं, मी तिथं उभा आहे. मी दुसऱ्या बाजूला होतो.

सुमारे पाच तासांनी ती बाहेर आली. “३२०,” ती म्हणाली. या वेळी मी भागाकार केला नाही. तीस वाढले होते. खुंट्याच्या वर वीस. मी गाडी ओक ट्री रोडकडे वळवायला सिग्नल दिला.

“थांब, पेढे नकोत. रीडिंग पडलंय.”

पहिल्या वेळी वाचनात ३४० होते, आता ३१०. बाकी सगळं वर, वाचन खाली. भौतिकशास्त्राचे ठोकळे आवरण्याच्या नादात उतारे निसटले होते. मी म्हटलं, सोपं आहे, तिकडचं वाचन आणि इकडचं बाकीचं धरायचं. आपल्या बोर्डाचं नाही का, बेस्ट ऑफ फाइव्ह! पण इथं तसं नव्हतं. कॉलेजांना दोन्ही निकाल जातात. कुणी अलीकडचा बघतं, कुणी चांगला बघतं, कुणी दोन्ही शेजारी ठेवून मुलाखतीत विचारतं, काय झालं होतं बाई? झाकून ठेवायची सोयच नाही. मला माझ्या सासऱ्यांची आठवण झाली.

हिवाळाभर आमच्या घरात एकच प्रश्न होता: पहिली परीक्षा बरी की दुसरी? आमच्या मराठी मंडळात मात्र दुसराच प्रश्न होता: “नंबर लागला का?” इथं मला मराठीची मोठी गंमत वाटते. पोराचा पहिला नंबर आला तर पेढे. कॉलेजात नंबर लागला तरी पेढे. चष्म्याचा नंबर लागला की रडारड, आणि नंबर वाढला की मुलगी दाखवायच्या वेळी चष्मा काढून ठेव म्हणतात. फेब्रुवारीत एका लांबच्या मावशींचा फोन आला. मी सांगितलं, “अजून नंबर लागला नाही.” त्या म्हणाल्या, “लागू नये म्हणून रोज गाजर द्या.”

मार्चमध्ये लागला. गाडीनं दोन तासांवरचं कॉलेज. जागा धरून ठेवायला अनामत भरायची होती. मी रक्कम पाहिली आणि म्हणालो, रुमाल महाग झाले आहेत. पण टाकला. या वेळी पेढे वाटताना किती मिळाले हे मी कुणाला सांगितलं नाही.

कॉलेजातल्या पहिल्याच हिवाळ्यात तिला सरावासाठी डोळे हवे होते. आपापसातले डोळे संपल्यावर विद्यार्थी आईबापांचे मागवतात. मी तयारी करून गेलो. भिंतीवरचा तक्ता हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरानं १८६२ साली केला, आणि त्याच्या सर्वांत परिचित इंग्रजी रूपातल्या वरच्या चार अक्षरओळी मी आदल्या रात्री पाठ केल्या होत्या. ई. एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी. मला वीसला वीस घ्यायचे होते. तोंडीचे वीसपैकी वीस मला सांगलीतही मिळाले नव्हते.

“बाबा, ते मार्क नाहीत,” पांढऱ्या कोटातली लेक म्हणाली. “वीस फुटांवरून नेहमीच्या नजरेला जे दिसतं, ते तुलाही वीस फुटांवरून दिसतं, एवढंच. भारतात तेच मीटरमध्ये सहाला सहा.”

म्हणजे वीसला वीस हा पहिला नंबर नव्हताच. तो त्यांचा ३०० होता. चारचौघांसारखं दिसतं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि तक्तासुद्धा भिंतीवर नव्हता, पडद्यावर होता, अक्षरं वेगळी होती. पाठांतर पुन्हा एकदा वाया गेलं.

मग तिनं माझ्या तोंडापुढे ते फुलपाखरासारखं यंत्र आणलं. आत खटाखट भिंगं फिरू लागली. “पहिलं बरं दिसतंय... की दुसरं?”

मला घाम फुटला. “पहिलं.” खट. “आता? पहिलं की दुसरं?” “दुसरं... थांब, परत दाखव.” तिनं परत दाखवलं. नव्वद दिवस थांबावं लागलं नाही, फी पडली नाही. “परत?” तिनं पुन्हा दाखवलं.

“बरोबर उत्तर कुठलं आहे, तेवढं सांग.”

“बाबा, तुला दिसतंय ते सांग.”

खट. खट. शेवटी अशी वेळ आली, की काही केल्या फरक कळेना. मी शरमून म्हणालो, “दोन्ही सारखंच दिसतंय गं.” आवाज तोच होता, जुलैत “नापास?” विचारतानाचा.

“हेच हवं होतं,” ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तिनं सांगितलं, की सिलिंडरचा नंबर काढताना एडवर्ड जॅक्सन नावाच्या डॉक्टरांच्या नावानं ओळखलं जाणारं भिंग असं उलटसुलट करतात, आणि पेशंटला दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत करत राहतात. सारखं दिसलं की नंबर सापडला. पेशंट मात्र दर वेळी माफी मागतो.

यंत्र बाजूला झालं. ती कागदाकडे बघत राहिली. “उणे साडेतीन. लांबचं. बाबा, तू वर्गात कुठे बसायचास?”

“शेवटच्या बाकावर.”

“आणि सिनेमाला?”

“पहिल्या रांगेत.”

“ऑक्टोबरचा अभ्यास?”

“घरी. पुस्तकातून.”

“जवळचं तुला दिसतच होतं.” तिनं पेन खाली ठेवलं. “फळा दिसत नव्हता. आजीला फोन लाव.”

मी तिथूनच लावला, स्पीकरवर. लेकीनं तिला सगळं मुद्देसूद सांगितलं: बाक, रांग, पुस्तक, उणे साडेतीन. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कटला.

“डोळे बारीक करून बघायचा खरा,” आई हळू आवाजात म्हणाली. इतक्या हळू मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “मला वाटायचं, पिक्चर बघून रडतोय.”

“बघ आई,” मी म्हणालो. छत्तीस-सदतीस वर्षांनी माझा निकाल फेरतपासणीत बदलत होता. “तेव्हाच नंबर काढला असता, तर मी मार्चमध्येच पास झालो असतो.”

“कुठला रे,” आईचा आवाज पुन्हा चढला. “सिनेमाला गेलाच असतास. फक्त मागच्या रांगेत बसला असतास.”